सेलशिवाय चालणारा कॅमेरा : का घ्यावा आणि कसा निवडावा?



शाळेच्या छायाचित्रण छंदवर्गासाठी रोलवर चालणारे, पूर्ण यांत्रिक असे दोन कॅमेरे विकत घ्यावेत, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. ही बातमी पालकांपर्यंत पोचली आणि प्रश्न सुरू झाले. "प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्यात कॅमेरा आहे, तो फुकटात हजार फोटो काढतो. मग हे जुने डबे कशाला?" असे पालक विचारतात. विश्वस्तांचा प्रश्न वेगळा आहे. "जी वस्तू आता सहसा तयारच होत नाही, ती बिघडली तर काय करणार?" असे ते म्हणतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. संस्थेचा पैसा हा समाजाने विश्वासाने दिलेला पैसा आहे. हौसेखातर तो खर्च करण्याचा अधिकार आम्हाला नाही. म्हणून तोंडी उत्तर देण्याऐवजी सगळी बाजू येथे सविस्तर मांडत आहोत. ज्या घरांत जुना कॅमेरा कपाटात पडून आहे, त्यांनाही या माहितीचा उपयोग होईल.

पूर्ण यांत्रिक म्हणजे काय?

रोलवर चालतो तो प्रत्येक कॅमेरा यांत्रिक असतो, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. १९७० नंतरच्या दशकात रोलच्या कॅमेऱ्यांतही इलेक्ट्रॉनिक भाग येऊ लागले. १९७६ मध्ये आलेला कॅनन एई-१ हा त्या काळचा अतिशय लोकप्रिय कॅमेरा. त्याचे शटर विजेवर चालते. सेल संपला की बटण दाबले तरी काही होत नाही. उलट त्याच वर्षी आलेल्या पेंटॅक्स के१००० या कॅमेऱ्यात एक छोटा सेल असतो, पण तो फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्यासाठी. सेल काढून टाकला तरी शटर एका सेकंदापासून एक हजारांश सेकंदापर्यंत सगळ्या वेगांवर चालत राहते.

हीच पूर्ण यांत्रिकतेची कसोटी. सेल काढा, प्रत्येक वेग लावून बटण दाबा. सगळे वेग चालले तर कॅमेरा पूर्ण यांत्रिक. काही कॅमेरे येथे फसवतात. निकॉन एफएम (१९७७) आणि निकॉन एफई (१९७८) हे दिसायला भाऊ-भाऊ. नावात एका अक्षराचा फरक. पण एफएम सेलशिवाय पूर्ण चालतो, तर एफई सेलशिवाय फक्त एक नव्वदांश सेकंद हा एकच ठराविक वेग देतो, आणि दुसरी सोय म्हणजे बटण दाबून ठेवू तितका वेळ शटर उघडे राहते. विकणाऱ्याने "मेकॅनिकल आहे" असे सांगितले म्हणून विश्वास ठेवू नये. कसोटी आपल्या हाताने घ्यावी.

कॅमेऱ्याच्या पोटात काय चालते?

विद्यार्थी मित्रांनो, हा भाग खास तुमच्यासाठी.

कॅमेरा म्हणजे शेवटी एक अंधारी पेटी. पुढे भिंग, मागे फिल्म. फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा, हे दोन गोष्टी ठरवतात. भिंगातले छिद्र किती मोठे आहे आणि शटर किती वेळ उघडे आहे. नळाखाली बादली भरण्यासारखेच हे आहे. नळ जास्त सोडला तर थोड्या वेळात भरते, बारीक सोडला तर जास्त वेळ लागतो.

शटर म्हणजे फिल्मच्या अगदी पुढे असलेले दोन पडदे. वरचा खटका अंगठ्याने ओढला की रोल एक चित्र पुढे सरकतो आणि त्याच ओढीने पडद्यांच्या स्प्रिंगा ताणल्या जातात. म्हणजे शटर चालवण्याची शक्ती तुमच्या अंगठ्यातून येते. बटण दाबले की पहिला पडदा सरकतो आणि फिल्म उघडी पडते. ठरलेल्या वेळाने दुसरा पडदा त्याच्या मागून धावतो आणि फिल्म झाकतो. वेग फार जास्त असेल तर पहिला पडदा पलीकडे पोचण्याआधीच दुसरा निघतो, आणि दोघांमधली एक अरुंद फट फिल्मवरून सरकत जाते. मंद वेगांसाठी आत घड्याळासारखी दातेरी चाके असतात. ती दुसऱ्या पडद्याला थोपवून धरतात. एक सेकंदाचा वेग लावून कान जवळ न्या, चाकांची घरघर स्पष्ट ऐकू येईल.

आता छिद्राचे गणित. भिंगावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे कोरलेले असतात. हे आकडे असे विचित्र का? भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास, म्हणजे हा आकडा. भिंग ५० मिलिमीटरचे असेल तर ४ या आकड्याला छिद्राचा व्यास १२.५ मिलिमीटर, आणि ८ या आकड्याला ६.२५ मिलिमीटर. व्यास निम्मा झाला की वर्तुळाचे क्षेत्रफळ चौथाई होते, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. प्रकाश निम्मा करायचा असेल तर व्यासाला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ ने भागावे लागते. म्हणून प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याच्या सुमारे १.४ पट. मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र, हे पहिल्यांदा उलटे वाटते. गणित कळले की लक्षात राहते.

शटरचे वेगही दर पायरीला जवळजवळ निम्मे होत जातात. साठांश, एकशे पंचविसांश, अडीचशेंश, पाचशेंश. म्हणून छिद्र ८ आणि वेग एकशे पंचविसांश या जोडीने जेवढा प्रकाश फिल्मवर पडतो, तेवढाच छिद्र ५.६ आणि वेग अडीचशेंश या जोडीनेही पडतो. प्रकाश सारखा, चित्र मात्र वेगळे. मैदानावर खो-खोचा खेळाडू खांबाकडे झेपावतो, तो हवेत थांबलेला हवा असेल तर पाचशेंशाचा वेग लागेल आणि छिद्र मोठे करावे लागेल. शाळेच्या गच्चीवरून दिसणारे सारे घरांचे छप्पर जवळपासून लांबपर्यंत स्पष्ट हवे असेल तर छिद्र लहान आणि वेग मंद. अनंत चतुर्दशीच्या रात्री आपल्या इंदुरातल्या गिरण्यांच्या झांक्या टिपायच्या तर प्रकाश अपुरा. तेथे छिद्र २ पर्यंत उघडून, तीसांश सेकंद श्वास रोखून, कॅमेरा घट्ट धरावा लागेल. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे ठरवणारे तुम्ही.

सेल संपला आणि काटा बंद पडला तरी अडत नाही. जुन्या छायाचित्रकारांचा एक सोपा नियम आहे. भर उन्हात छिद्र १६ ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या संवेदनक्षमतेच्या आकड्याजवळचा ठेवावा. फिल्म ४०० ची असेल तर पाचशेंश, २०० ची असेल तर अडीचशेंश. पातळ ढग असतील तर छिद्र ११, पूर्ण ढगाळ असेल तर ८, दाट ढगांना ५.६, आणि ऊन असताना मोकळ्या सावलीत ४. हा नियम पाठ असलेला मुलगा आकाशाकडे बघून प्रकाश ओळखायला शिकतो.

मग डिजिटल कॅमेऱ्यावर का शिकवू नये?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर "जुने ते सोने" असे नाही. वार्षिक स्नेहसंमेलन, क्रीडा महोत्सव, बक्षीस समारंभ यांचे फोटो शाळा डिजिटल कॅमेऱ्यावरच काढते आणि यापुढेही काढील. त्या कामाला तोच योग्य आहे. डिजिटल कॅमेरा हे काही परक्यांनी लादलेले खूळही नाही. फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीतच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये तो प्रथम तयार केला. त्याचे चित्र १०० बाय १०० ठिपक्यांचे होते आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. पुढे जानेवारी २०१२ मध्ये त्याच कोडॅकला दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागावे लागले. काळाची दिशा स्पष्ट आहे.

डिजिटल कॅमेऱ्यावरही छिद्र आणि वेग हाताने लावता येतात, हे खरे. ज्याच्या घरी असा कॅमेरा आहे त्याने तसे जरूर करावे. पण वर्गात दोन अडचणी येतात. पहिली अडचण पडद्याची. फोटो काढला की मूल लगेच पडदा पाहते, अंधारा आला तर चक्र फिरवते, पुन्हा काढते. चौथ्या-पाचव्या खेपेला चित्र बरे येते, पण का बरे आले हे सांगता येत नाही. मोबाईलमध्ये तर हा प्रश्नही उरत नाही. आजचा मोबाईल एका स्पर्शात अनेक चित्रे घेतो, ती एकत्र करतो, आणि उजेड-सावली आपल्या मनाने ठरवून पुढ्यात ठेवतो. चित्र चांगले येते, निर्णय मात्र आतल्या प्रोग्रामचा असतो.

दुसरी अडचण संख्येची. ३५ मिलिमीटरच्या रोलवर ३६ चित्रे निघतात, त्याहून फार नाही. म्हणून बटण दाबण्याआधी विचार करावा लागतो. छंदवर्गात आम्ही प्रत्येक मुलाला एक छोटी वही देणार आहोत. प्रत्येक चित्रामागे प्रकाश कसा होता, छिद्र किती, वेग किती, आणि काय दाखवायचे होते, हे आधी लिहायचे. रोल धुऊन आल्यावर वही आणि चित्र शेजारी ठेवायचे. जे ठरवले ते आले का? नसेल तर का नाही? प्रयोगशाळेत अनुमान, प्रयोग, निरीक्षण आणि निष्कर्ष असे आपण शिकवतो, तेच येथे घडते. दोन-चार दिवस निकालाची वाट पाहणे हाही शिक्षणाचाच भाग समजावा.

आपल्या परंपरेतील काही उदाहरणे

हे शिक्षण आपल्या शहराला नवे नाही. लाला दीनदयाळ रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले. नकाशे आणि अंदाजपत्रके हे त्यांचे काम. १८७४ च्या सुमारास ते इंदुरातच छायाचित्रणाकडे वळले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. तेव्हा तर रोलही नव्हता. काचेच्या जड पट्ट्या उचलून न्याव्या लागत आणि प्रत्येक पट्टीवर एकच चित्र.

दादासाहेब फाळके वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकले. १९१२ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि तेथून हाताने फिरवायचा विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. चित्रपटासाठी भांडवल देणाऱ्याला खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट घेऊन टिपली. फिल्मच्या कडेला छिद्रे पाडण्याचे किचकट काम सरस्वतीबाई फाळके घरी करीत. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मागे अशी हातांची मेहनत आहे.

भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स अशा यांत्रिक कॅमेऱ्यांवर काम केले. १९१३ मध्ये नवसारीत जन्मलेल्या होमाईंना २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्यांची अखेरची अनेक वर्षे वडोदऱ्यात गेली आणि २०१२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

हिमालयातले उदाहरणही सांगण्यासारखे आहे. २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या शिखरावर एडमंड हिलरी यांनी तेनझिंग नोर्गे यांचे जे छायाचित्र घेतले, ते कोडॅक रेटिना या लहान यांत्रिक कॅमेऱ्यावर. गारठ्यापासून वाचवण्यासाठी हिलरींनी तो कपड्यांच्या आत ठेवला होता. तेथे पुन्हा काढून बघू म्हणण्याची सोय नव्हती.

कोणता कॅमेरा निवडावा?

आता व्यवहाराकडे वळू. बाजारात जे कॅमेरे मिळतात ते बहुतेक वापरलेले असतात. जर्मनीची लायका कंपनी आजही पूर्ण यांत्रिक कॅमेरे बनवते आणि १९८४ चा आपला एम६ हा कॅमेरा तिने २०२२ मध्ये पुन्हा आणला. पण त्याची किंमत शाळेच्या आवाक्याबाहेर आहे. पेंटॅक्सने २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ हा रोलचा नवा कॅमेरा काढला. त्यात रोल अंगठ्याने ओढावा लागतो, पण शटर इलेक्ट्रॉनिक आहे. म्हणून तो आपल्या कसोटीत बसत नाही.

आमची पहिली पसंती पेंटॅक्स के१००० ला आहे. १९७६ ते १९९७ अशी दोन दशके तो तयार होत होता. त्यामुळे सुटे भाग काढून घेण्यासाठी जुने कॅमेरेही मिळतात. त्यात शिकायला आवश्यक तेवढेच आहे, जादा काही नाही. परदेशांतल्या छायाचित्रणाच्या वर्गांत विद्यार्थ्यांचा कॅमेरा म्हणून त्याची ख्याती होती. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच्या प्रकाशमापकाला वेगळे बटण नाही. भिंगावर झाकण नसेल तर सेल वाया जातो.

निकॉन एफएम२ हा १९८२ चा कॅमेरा अधिक मजबूत आणि अधिक वेगवान, अगदी चार हजारांश सेकंदापर्यंत. पण त्याला मागणी जास्त, म्हणून भावही जास्त. शाळेच्या कामाला एवढ्या वेगाची गरज नाही. निकॉन एफएम१० हा हलका कॅमेरा कोसिना कंपनीने निकॉनसाठी बनवलेला. तो नाजूक आहे, पण शटर पूर्ण यांत्रिक, आणि वयाने तरुण म्हणून चांगल्या स्थितीत मिळू शकतो. ऑलिंपस ओएम-१ (१९७२) लहान आणि सुबक आहे. मात्र त्याचा प्रकाशमापक पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलसाठी बनवलेला. पारा विषारी म्हणून ते सेल आता बंद झाले आहेत. आजचा दीड व्होल्टचा सेल घातला तर काटा चुकीचे सांगतो. शटरला काही बाधा नाही.

रशियन झेनिट-ई पुष्कळ घरांत आढळतो. तो दणकट आणि स्वस्त आहे. त्याच्या सेलेनियमच्या प्रकाशमापकाला सेल लागतच नाही, पण इतक्या वर्षांत तो मंदावलेला असू शकतो. तीसांशाहून मंद ठराविक वेग त्यात नाहीत. घरी असेल तर जरूर वापरावा, शाळेने मुद्दाम विकत घेऊ नये. अनेक घरांत याशिका एमएफ-२ असेल. आठवणीसाठी तो मोलाचा, पण त्यात शटरचा वेग निवडण्याची सोय नाही, म्हणून शिकवण्यासाठी उपयोगाचा नाही. वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक थ्री हाही तसाच साधा. ऊन आणि ढग अशा चिन्हांवर चालणारा. त्याला लागणारा १२० क्रमांकाचा रोल आजही मिळतो, हे ऐकून आजोबांना आनंद होईल.

घेताना काय पाहावे?

कॅमेरा समोर न पाहता पैसे देऊ नयेत. पुढील क्रमाने तपासावे.

१) कॅमेऱ्यात रोल आहे का, ते आधी पाहावे. रोल गुंडाळण्याची डावीकडची फिरकी हलकेच फिरवावी. ताण जाणवला तर आत रोल आहे, मागचे झाकण उघडू नये.

२) रोल नसेल तर झाकण उघडून, सेल काढून, सगळे वेग चालवून पाहावे. एक सेकंदाचा वेग घड्याळावर ताडून पाहावा. मंद वेग मध्येच अडकत असतील तर आतले तेल सुकले आहे. ते दुरुस्त होते, पण त्याचा खर्च किमतीत धरावा.

३) कापडी पडदा उजेडासमोर धरून त्यावर सुईएवढी भोके किंवा चुण्या आहेत का, ते पाहावे. पडद्याला बोट लावू नये.

४) भिंगाच्या एका बाजूने टॉर्चचा झोत टाकून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. आपल्याकडे चार महिने पावसाळी दमट हवा असते, म्हणून हा दोष फार आढळतो. बुरशी लागलेले भिंग स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

५) मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज बोटाला चिकटत असेल तर तो कुजला आहे. तेथून प्रकाश आत शिरेल. हे काम स्वस्त आणि सोपे आहे. त्यासाठी सौदा मोडू नये.

६) शेवटी एक रोल घालून पाहावा. रोल धुऊन येईपर्यंत परत करण्याची मुदत मागून घ्यावी.

आणि सर्वांआधी दुरुस्ती करणारा शोधावा. विश्वस्तांच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याची सर्किटची पट्टी जळाली आणि ती पट्टी बनणे थांबलेले असेल, तर कुशल कारागीरही हात टेकतो. यांत्रिक कॅमेऱ्यात स्प्रिंग, चाक आणि पडदे असतात. ते स्वच्छ करता येतात, दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातून काढून बसवता येतात. मात्र हे काम जाणणारे कारागीर आता थोडे आणि वयस्कर आहेत. म्हणून दोन्ही कॅमेरे एकाच मॉडेलचे घ्यावेत, असा आमचा आग्रह आहे. भिंगे अदलाबदल करता येतील आणि उद्या एक गेलाच तर त्याचे भाग दुसऱ्याच्या कामी येतील.

खर्च आणि धुलाई

कॅमेऱ्याचा खर्च एकदाचा, रोलचा खर्च नेहमीचा. हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. १९६० मध्ये उटकमंड येथे स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी आपल्या देशात 'इंदू' नावाने फिल्म बनवीत असे. ती बंद पडली. आज मिळणारे रोल बहुतेक परदेशांतून येतात आणि महाग आहेत.

म्हणून हिशेब असा केला आहे. छंदवर्गात २४ मुले. प्रत्येकाला एका सत्रात ६ चित्रे. म्हणजे एका रोलवर ६ मुले आणि सत्राला ४ रोल, वर्षाला ८. त्याहून एकही जास्त नाही. रोल कृष्णधवलच घ्यावेत, कारण ते शाळेतच धुता येतात. रंगीत रोलसाठी ३८ अंशांचे तापमान काटेकोर सांभाळावे लागते, ते काम लॅबचे.

कृष्णधवल फिल्म धुणे म्हणजे रसायनशास्त्राचा धडाच. फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे कण असतात. प्रकाश पडलेल्या कणांचे डेव्हलपर चांदीत रूपांतर करतो, आणि न पडलेले कण हायपो विरघळवून टाकतो. हायपो म्हणजे तुमच्या पुस्तकातला सोडियम थायोसल्फेट. द्रावणाचे तापमान साधारण २० अंश लागते. आपल्या उन्हाळ्यात नळाचे पाणीच त्याहून पुष्कळ गरम असते, म्हणून हे काम थंडीत, दुसऱ्या सत्रात ठेवले आहे. हातमोजे, खिडक्या उघड्या आणि विज्ञान शिक्षक समोर, या तीन अटींशिवाय बाटली उघडली जाणार नाही. वापरलेल्या हायपोत चांदीचे क्षार असतात. ते मोरीत ओतायचे नाही, कॅनमध्ये साठवून चांदी परत काढणाऱ्यांकडे द्यायचे. स्वच्छतेसाठी देशात नाव कमावलेल्या शहराच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको.

पालकांना विनंती

निर्णय विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत होईल. मंडळाने नाही म्हटले तर छंदवर्ग आहे तसा चालू राहील. हो म्हटले तर वर्षअखेरीस मुलांच्या वह्या आणि चित्रे दोन्ही मंडळापुढे ठेवू. मुले आपल्या चित्रामागचे कारण सांगू शकली नाहीत, तर पुढच्या वर्षी रोलसाठी पैसे मागणार नाही.

दरम्यान, आपल्या घरी जुना कॅमेरा असेल तर तो कबाडीला देण्याआधी एकदा शाळेत आणून दाखवावा. त्यात घरचे तेल घालू नये, अडकलेला खटका जोर लावून ओढू नये, चामड्याच्या पिशवीत बंद ठेवू नये, कारण दमट चामड्यात बुरशी वाढते. कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. कॅमेरा देणगी म्हणून द्यायचा नसेल तरी हरकत नाही. तो कसा चालतो हे आपल्या मुलाला शिकवून आम्ही परत करू. आजोबांच्या हातातली वस्तू नातवाला चालवता आली, तर तेवढ्यासाठीही हा छंदवर्ग उपयोगी पडला असे आम्ही समजू.



— मुख्याध्यापक